उतरायची तारीख

डिसेंबर महिन्यात माझ्या ऑफिसात कोणी ‘सहज आलो होतो’ म्हणत आलं, की माझं डोकं फिरते. वर्षाचे उरलेसुरले रिटर्न एकतीस तारखेपर्यंत भरायचे असतात. ज्यांनी जुलैपर्यंत तोंड दाखवलं नाही ते सगळे ह्याच महिन्यात उगवतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपलंच काम पाच मिनिटांचं आहे. पांढुर्ण्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, तीन खुर्च्या आणि माझ्या मानेला पट्टा. पाटीवर ‘इन्कम टॅक्स, जीएसटी, पॅन कार्ड’ आणि त्याखाली विजया एवढंच नाव आहे. लोक मला वकीलबाई म्हणतात. मी वकील नाही हे सांगून सांगून बावीस वर्षांत थकली, आता म्हणू देते.

भाऊराव सोमकुवर आले तेव्हा मी डबा उघडून पहिला घास घेतला होता. त्यांनी चपला बाहेर काढल्या, गळ्यातल्या टॉवेलनं खुर्ची पुसली आणि अर्ध्या खुर्चीवर टेकले. वय छप्पन्न. राहणार सौंसरचे, धंदा ट्रकचा, दहाचाकी गाडी स्वतःची आणि ड्रायव्हरही स्वतःच. पांढुर्ण्याच्या एका ट्रान्सपोर्टकडे त्यांची गाडी लागलेली होती. संत्र्याच्या दिवसांत क्रेट, मग कापसाच्या गाठी, काहीच नसलं तर सिमेंट. बसल्यावर त्यांनी डावा गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. तीस वर्षं क्लच दाबून तो गुडघा आता आपणहून सरळ होत नाही, हे मला नंतर कळलं.

मी म्हटलं, जेवू द्या भाऊ, पाच मिनिटं थांबा. ते म्हणाले, जेवा, जेवा, माझं काम काही घाईचं नाही. आणि लगेच सांगायला लागले.

“ताई, मी एप्रिलमध्ये गाडीवरून उतरून राहिलो. चौदा एप्रिलनंतर चढायचंच नाई. माह्यं कापलेलं काढून द्या.”

कापलेलं म्हणजे काय, हे मला समजलं. ट्रान्सपोर्टवाला गाडीमालकाला भाडं देताना शंभरातला एक रुपया कापून त्याच्या नावानं सरकारात भरतो. तो कायदाच आहे. पण दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकानं दरवर्षी अर्ध्या पानाचा एक कागद सही करून दिला, की माझ्याकडे दहाच्या वर गाड्या नाहीत आणि हा माझा पॅन नंबर, तर तो रुपयाही कापत नाहीत. पांढुर्ण्यातले सगळे ट्रकवाले एप्रिलमध्ये तो कागद देतात. वाचत कोणी नाही, पण देतात. म्हणून मी त्यांना विचारलं की तुमचं कापलं कसं काय, एखाद्या वर्षी कागद द्यायचा राहिला का. ते म्हणाले, एखाद्या वर्षी नाही, दहा वर्षांचं कापलेलं आहे.

मी डबा बंद केला. पॅन नंबर टाकून खातं उघडायला घेतलं तर ओटीपी गेला सौंसरला, कारण आधारला मोबाइल नंबर त्यांच्या बायकोचा लागलेला होता. नवरा महिन्यातले बावीस दिवस रस्त्यावर, कुठे नेटवर्क असते कुठे नाही, म्हणून सगळ्या कागदांवर वत्सलाबाईंचाच नंबर. मी फोन लावला. पहिल्या रिंगमध्येच त्यांनी उचलला, जणू फोन हातातच घेऊन बसल्या होत्या. सहा आकडे त्यांनी एकेक करून सावकाश वाचले. मग विचारलं, “निघालं का, बाई?”

मी म्हटलं पाहून राहिली.

पाहिलं आणि पाहतच राहिली. दहा वर्षं, दर महिन्याला कापलेलं दिसत होतं, एकही खंड नाही. बेरीज दोन लाख अकरा हजार. आणि दहा वर्षांत रिटर्न किती भरले? एकही नाही. मी खाली-वर करून पाहिलं, वाटलं कॉम्प्युटर चुकला असेल. नव्हता चुकला. मी विचारलं, भाऊराव, ट्रान्सपोर्टचा मुनीम तुम्हाला दरवर्षी तो अर्ध्या पानाचा कागद भरायला देत नव्हता का? तो भरून दिला असता तर काही कापलंच गेलं नसतं.

“देत होता ना,” ते म्हणाले. “म्याच नाई भरला. म्या त्याले सांगतलं, कापू दे.”

असं म्हणणारा ट्रकवाला मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. इथे लोक दहा रुपये वाचवायला माझ्याशी तासभर भांडतात. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि इतक्या समाधानानं सांगितलं की मला मध्ये बोलता येईना. वत्सलाबाईंचा थोरला भाऊ सौंसरकडच्या मँगनीजच्या खाणीत होता. त्याच्या पगारातून दर महिन्याला काहीतरी कापलं जायचं आणि तो कुरकुर करायचा. मग तो रिटायर झाला आणि एका दिवशी बँकेत एवढे पैसे आले की त्यानं स्लॅब टाकला, पोरीचं लग्न केलं आणि वर आता पेन्शनही खातो. त्याच वर्षी मुनीम भाऊरावांना म्हणाला, नवा नियम आला, कागद भर नाहीतर पैसा कापीन. नवरा-बायकोनं घरी बसून विचार केला. ड्रायव्हरला कुठला पगार आणि कुठला फंड. हातात आलेला पैसा टायरात जातो, डिझेलात जातो, पाहुण्यारावळ्यात जातो. सरकार आपणहून कापून ठेवते म्हणते तर ठेवू दे. म्हातारपणी एकदम भेटेल.

त्यांनी हिशेबही लावला होता. कापलेलं दोन लाखाच्या वर, त्याचं दहा वर्षांचं व्याज, म्हणजे सव्वातीन लाख तरी. गाडी जुनी, तिचे येतील ते येतील. त्यातून सौंसरला घराला लागून पिठाची गिरणी टाकायची. वत्सलाबाई दळण घेतील, भाऊराव गिरणीचा पट्टा पाहतील. मला म्हणाले, मशीन चालत राहते आणि आपण जागच्या जागी, याच्यापेक्षा काय पाहिजे?

आता मी त्यांना काय सांगू? कापलेला पैसा फंड नसतो. त्या त्या वर्षीचं रिटर्न भरलं, तर त्या वर्षीचा परत येतो. नाही भरलं, तर काही वर्षं अर्ज-विनंत्या करता येतात, आणि मग दार बंद. भाऊरावांची पहिली चार वर्षं दाराबाहेर गेली होती. मधली पाच इन्कम टॅक्सच्या साहेबांच्या मर्जीवर होती. खात्रीचं होतं ते एकच वर्ष, आणि तेही ह्या एकतीस तारखेच्या आत.

हे तिथेच सांगायला पाहिजे होतं. मी नाही सांगितलं. मी म्हटलं कागद पाहावे लागतील, रविवारी मीच सौंसरला येते. ते म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच पेटी आणतो. मी जोरात म्हटलं, येते म्हटलं ना. ते उठले, गुडघा हातानं सरळ केला, चपला घातल्या आणि बाहेरून हात जोडून गेले. माझ्या डब्यातली भाजी गार झाली होती, ती मी गल्लीतल्या कुत्र्याला घातली.

ते गेल्यावर मी ट्रान्सपोर्टच्या मुनिमाला, प्रफुल्लला, फोन लावला. पोरगा माझ्या ओळखीचा, त्याचंही रिटर्न मीच भरते. त्याला म्हटलं, अरे बाबा, माणूस दहा वर्षं कापू दे, कापू दे म्हणतो, तर तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही की काहून? तो म्हणाला, वाटलं होतं ताई, पण वाटलं त्याला बँकेचं कर्ज काढायचं असेल, म्हणून कमाई कागदावर दाखवत असेल. तो म्हणे काप, मी कापला. मी त्याला दहा मिनिटं झाडलं. तो बिचारा ऐकून घेत राहिला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याच्यावर ओरडून मी माझं रविवारचं काम हलकं करून राहिली होती.

रविवारी मी सौंसरच्या बसमध्ये बसली. रस्त्यानं संत्र्याचे ढीग, क्रेट भरून उभ्या गाड्या आणि बसमध्येही दोन पोती संत्री माझ्या पायाशी. मान दुखत होती. एखाद्या डॉक्टरला अशा बातम्या रोज सांगाव्या लागत असतील, त्याला सवय होत असेल. मला सवय नाही. माझ्याकडे माणसं जास्तीत जास्त दंड भरून घरी जातात.

सोमकुवरांचं घर वस्तीच्या टोकाला होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. घराला लागून सिमेंटचा एक नवा ओटा टाकलेला दिसला, चार बाय चारचा, आणि त्यात मोटर बसवायचे बोल्ट आधीच पुरून ठेवलेले. मी पाहिलं आणि नजर फिरवली. समोरच्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती. वत्सलाबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. बारीक, उंच बाई, केस सगळे पांढरे, बोलायला कमी. मुलगी अश्विनी नागपूरला दिलेली, नर्स आहे, असं त्यांनीच सांगितलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली कॅलेंडर. कॅलेंडर अजून ह्याच वर्षाचं होतं, पण त्याच्या शेजारी नव्या वर्षाचंही टांगून झालं होतं आणि ते एप्रिलवर उलटून ठेवलेलं होतं.

भाऊरावांनी पत्र्याची पेटी बाहेर ओढली. ट्रान्सपोर्टनं दर फेरीला दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठ्या तिच्यात होत्या. महिन्याच्या महिन्याला गठ्ठा, आणि प्रत्येक गठ्ठा सुतळीनं नाही तर कापसाच्या घरच्या सुतानं बांधलेला, म्हणजे कागदाला खाच पडू नये. दहा वर्षांचे एकशेवीसच्या आसपास गठ्ठे. प्रत्येक चिठ्ठीवर कापलेल्या आकड्याखाली पेन्सिलची बारीक रेघ. वत्सलाबाई आठवी शिकलेल्या होत्या. नवरा फेरीहून आला की आधी खिसे रिकामे करून चिठ्ठी काढून घ्यायच्या, मग पाणी द्यायच्या, असं भाऊराव हसत म्हणाले.

पेटीच्या तळाशी दुसरीही एक पिशवी होती. त्यात टोलच्या पावत्या, डिझेलच्या, पंक्चरच्या, टायरच्या. भाऊराव म्हणाले, हे खर्चाचं, हे वजा करून घ्या ताई, नाहीतर वरून टॅक्स लागायचा. मला वाटलं चला, इथून सुरुवात करू, हे सोपं आहे. मी सांगितलं की कमी गाड्यावाल्यांसाठी कायदा वेगळा आहे. गाडी किती टनाची आणि वर्षात किती महिने तुमच्या नावावर, एवढंच पाहून सरकार कमाई धरते. गाडी चालो की उभी राहो. डिझेल, टायर, टोल, ढाब्यावरची भाजी-रोटी, काहीच वेगळं वजा होत नाही, आणि काहीच दाखवावंही लागत नाही. तुमच्या गाडीची कमाई त्या हिशेबानं वर्षाला साडेतीन लाखाच्या आत येते. त्यावर टॅक्स शून्य.

“शून्य?” भाऊराव म्हणाले. “म्हणजे कापलेलं सगळंच्या सगळं आपलंच?”

सगळंच्या सगळं तुमचंच होतं, मी म्हटलं. आणि मग बाकीचं सांगितलं. मी ते हळूहळू, गोल फिरवून सांगायचं ठरवलं होतं, पण मला तसं बोलता येत नाही. मी सरळ सांगितलं. हा फंड नाही. दरवर्षी मागावा लागत होता. चार वर्षांचा गेला, तो आता कोणीच देऊ शकत नाही. पाच वर्षांसाठी मी अर्ज करते, उशिराची माफी मागायची, पण देतील की नाही ते साहेबावर आहे, आणि दिलं तरी त्याच्यावर व्याज नाही, आणि वेळ किती लागेल सांगता येत नाही. शेवटच्या वर्षाचे तेवीस हजार नक्की, त्यातून हजार रुपये उशिराचा दंड.

बाहेर कोणाची तरी बकरी ओट्यावर चढली होती आणि बोल्ट चाटून राहिली होती. भाऊरावांनी उठून तिला हाकललं नाही. ते पेटीकडे पाहत बसले. मग म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग म्हणून नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं:

“पण ताई, तुमीच तर सांगतलं होतं.”

मी म्हटलं मी कधी? ते म्हणाले, सहा वर्षं झाली असतील. तिगावचे भगवंतराव, त्यांची गाडी आहे, त्यांचं रिटर्न भरायला ते तुमच्याकडे आले होते, मी त्यांच्यासोबत होतो. जुलैचा शेवट होता, तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती. दारातूनच मी विचारलं, ताई, गाडीवाल्याचं जे कापते ते परत भेटते ना? तुम्ही मान वर न करता म्हणाल्या, भेटते, सगळं परत भेटते. मी घरी येऊन हिला सांगितलं. त्याआधी आम्हाला थोडी धाकधूक होती. त्यानंतर नव्हती.

मला आठवत नाही. खरं सांगते, मला अजिबात आठवत नाही. पण मी तसं म्हटलं असणार, कारण जुलैच्या शेवटी मी सगळ्यांना तसंच म्हणते. खोटं नव्हतं ते. परत भेटतेच, रिटर्न भरलं तर. ते पुढचे तीन शब्द मी बोलली नाही, कारण मला वाटलं ते कोणाला माहीत नसतं का. सहा वर्षांपूर्वी बोलली असती तर त्या वर्षाचं निघालं असतं, त्याच्या मागचं एक वर्ष निघालं असतं, अर्ज करून त्याच्याही मागची निघाली असती, आणि पुढे कापलंच गेलं नसतं. मान वर करायलाही मला वेळ नव्हता. आता तीच मान पट्ट्यात आहे, आणि मी ती वर करून त्या दोघांकडे पाहू शकत नव्हती. मी म्हटलं, माझी चूक झाली.

वत्सलाबाईंनी उठून सुटलेला एक गठ्ठा पुन्हा बांधला, सुताला गाठ मारली, पेटीत ठेवला. मग नवऱ्याला नाही, मला विचारलं, “म्हणजे चौदा एप्रिलले उतरणं होत नाई?”

उत्तर भाऊरावांनीच दिलं. ते म्हणाले, पाहू. बसस्टँडपर्यंत मला सोडायला ते आले. लंगडत चालत होते तरी माझी पिशवी मला उचलू दिली नाही. रस्त्यात सांगितलं की तीस वर्षांत चौदा एप्रिलला ते एकदाच घरी होते, तेही गाडीचा एक्सल तुटला म्हणून. दरवर्षी वस्तीत मिरवणूक निघते, वत्सला पांढरं लुगडं नेसून जाते आणि हे कुठे तरी रस्त्यावर, गाडीच्या काचेला निळा झेंडा लावून. ह्यावेळी बायकोला म्हटलं होतं, दोघं जाऊ. बस सुटेपर्यंत ते थांबले. खिडकीतून दोन संत्री दिली.

त्यानंतरचं काम मी केलं. एकतीसच्या आत रिटर्न भरलं. पाच वर्षांचे पाच अर्ज तयार केले. त्यात उशीर का झाला, त्याचं कारण लिहावं लागते, आणि ते असं पाहिजे की साहेबाला पटेल. आजारपण, घरात मृत्यू, आग, पूर. कायदा माहीत नव्हता, हे कारण चालत नाही. मी भाऊरावांना फोन करून विचारलं, ह्या वर्षांत काही मोठं आजारपण झालं का, आठवा, एखादा दवाखान्याचा कागद. ते तेव्हा गाडी थांबवून कुठेतरी ढाब्यावर होते, मागे ट्रकांचे हॉर्न येत होते. आजारी पडायला वेळ कुठी होता, म्हणाले. मग म्हणाले, तुमी खरंच लिहा ताई, की आम्हाले वाटलं म्हातारपणी भेटते.

मी चार दिवस तो अर्ज उघडत-बंद करत राहिली. शेवटी तेच लिहिलं, चांगल्या इंग्रजीत लिहिलं, खाणीतल्या मेव्हण्यासकट लिहिलं. ओळखीचा एक चार्टर्ड अकाउंटंट आहे, श्रीकांत, त्याला दाखवलं. तो म्हणाला, हे वाचून साहेब हसेल. मी म्हटलं, हसू दे, हसताना सही करून टाकेल. अर्ज गेले. मार्च संपला तरी त्यांच्यावर ‘विचाराधीन’ एवढंच दिसत होतं, आजही तेच दिसते.

फेब्रुवारीत एका वर्षाचे पैसे मात्र आले, बावीस हजार आणि काही. भाऊरावांचा फोन आला, आले ताई, आले. मला एवढा आनंद झाला की मी बसलेल्या माणसाला चहा पाजला. दोन दिवसांनी विचारलं, काय केलं पैशाचं, तर म्हणाले पुढचा डावा टायर गेला होता, नवा टाकला. बावीस हजारात एकच आला, वरून दीड हजार खिशातून गेले. वर्षभर कापलेला एक-एक रुपया एका टायरात गेला, आणि तो टायर सरकारच्या हिशेबात वजाही होत नाही. हे मी त्यांना बोलली नाही. तेवढं शहाणपण मला आलं होतं.

तेरा एप्रिलला सकाळी ते ऑफिसात आले. नव्या वर्षाचा तो अर्ध्या पानाचा कागद मी भरून ठेवला होता, तो त्यांच्यासमोर सरकवला आणि या वेळी प्रत्येक ओळ वाचून दाखवली. त्यांनी सावकाश सही केली. संध्याकाळी गाठी भरून कोईमतूरला निघायचं होतं. मी म्हटलं, उद्या चौदा एप्रिल. ते म्हणाले, हाव, आदिलाबादच्या पुढं कुठीतरी असन. झेंडा घेतला आहे.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची एक पिशवी काढली आणि तिच्यातून दोन वस्तू टेबलावर ठेवल्या. एक त्यांचं लायसन, जड गाडीचं, जे ह्याच महिन्यात संपणार होतं आणि जे भाऊराव संपू देणार होते. नवं करून आणलं होतं. आणि दुसरं पोस्टाचं पासबुक. वत्सलाबाईंच्या नावानं आरडी, महिन्याला दोन हजार. पासबुकाला कापसाचं सूत बांधलेलं होतं.

“वत्सला म्हणे बाईले दाखवून ये,” भाऊराव म्हणाले. “इथं मांगावं लागत नाई ना? तारीख आली की आपोआप भेटते ना?”

मी या वेळी हातातलं काम बाजूला ठेवलं. पट्टा सोडला, मान वर केली, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि सांगितलं की आपोआप घरी येत नाही, तारीख आली की पासबुक घेऊन, सही करायला वत्सलाबाईंनी स्वतः पोस्टात जायचं. मध्ये एकही महिना चुकवायचा नाही. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं, पोरं पाढे म्हणतात तसं. मग म्हणाले, तारखा पाहा ताई, बरोबर बसतात का. वत्सलानं पोस्टात जायला मुद्दाम उशीर केला, लायसन हातात येईपर्यंत थांबली. ज्या महिन्यात लायसन संपेल त्याच महिन्यात हे निघालं पाहिजे, म्हणजे पुन्हा चढायला कारण नको.

मी लायसन पाहिलं, पासबुक पाहिलं. दोन्ही पाच वर्षांची होती, दोन्ही एकाच एप्रिलमध्ये संपत होती. तेव्हा भाऊराव एकसष्ट वर्षांचे असतील. मी दोन्ही तारखा दोनदा तपासल्या आणि म्हटलं, बरोबर बसतात.

त्यांनी पिशवी पुन्हा खिशात ठेवली, दोन्ही हातांनी गुडघा उचलून सरळ केला, आणि गाडी भरायला गेले.